भालेरावांची एक रेघ

भालेराव साहेबांचं नाक मोठं होतं आणि ते त्याचा पुरेपूर उपयोग करायचे. पाण्याचा वास घ्यायचे. टाकीच्या, ओढ्याच्या, विहिरीच्या, आणि कुणी प्यायला दिलेल्या पाण्याचासुद्धा. पेला हातात आला की आधी नाकाशी, मग तोंडाशी. लोकांना तो अपमान वाटायचा. मलाही वाटायचा.

माझी नात पुण्यात एका कंपनीत आहे. मोठ्या कारखान्यांनी वर्षभरात किती पाणी वापरलं, किती घाण सोडली, किती झाडं लावली, याची पुस्तकं ती कॉम्प्युटरवर तयार करते. मागच्या दिवाळीत तिनं मला एक दाखवलं. हिरवी पानं, चकचकीत फोटो. मी विचारलं, "ओढ्यावर कोण जातं गं?" ती म्हणाली, "आजी, आकडे मेलवर येतात." मी म्हटलं, "आन वास?" ती हसायला लागली. तिला वाटलं म्हातारी गंमत करते. मी गंमत करत नव्हते. म्हणून हे लिहायला बसले. मी चौथीपर्यंत शिकले आहे, चुकलं तर चुकलं.

नव्वद सालानंतर आमच्या जुन्नर-आंबेगावात टोमॅटो फार व्हायला लागला. मग ओढ्याच्या काठी टोमॅटोचा कारखाना आला. कंपनी मुंबईची. नाव लिहीत नाही, ती पुढं विकली गेली. टोमॅटो शिजवायचे, साल-बी काढायचं आणि गर मोठ्या पिंपांत भरून धाडायचा. आम्ही बायका पट्ट्यावर उभ्या राहून सडके टोमॅटो बाजूला काढायचो. माझ्या बोटांना त्या रसानं जखमा पडल्या. मुकादम म्हणाला, हिला लॅबमध्ये बाटल्या धुवायला टाका. अशी मी भालेरावांच्या हाताखाली आले.

लॅब म्हणजे पत्र्याची एक खोली. एक ओटा, एक नळ, एक कपाट, आणि एक पेटी. त्या पेटीत घाण पाण्याच्या बाटल्या तीन दिवस झाकून ठेवायच्या. पाण्यातल्या घाणीला कुजायला किती हवा लागते ते त्यातून कळतं, असं त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. जेवढी हवा जास्त लागली तेवढं पाणी वाईट. मला समजलं. समजेल असंच सांगायचे ते.

त्यांची पद्धत ठरलेली होती. सकाळी आल्यावर लूना सावलीत लावायची, शर्टाच्या बाह्या दुमडायच्या, आणि चहाच्या आधी टाक्यांवर जायचं. कारखान्याचं घाण पाणी एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जायचं, त्यात मोटारीनं हवा सोडायचे, आणि शेवटच्या टाकीतून ते ओढ्याला लागायचं. भालेराव शेवटच्या टाकीवर उभे राहायचे, वाकायचे आणि वास घ्यायचे. हवेची मोटार रात्री कुणी वीज वाचवायला बंद ठेवली असली की त्यांना सकाळी नाकानं कळायचं. मोटार चालवणारा शपथा घ्यायचा. हे म्हणायचे, "शपथ तुझी खरी असंल राव, पर पानी खोटं बोलत न्हाई."

बाटली भरायचीही एक रीत होती. धुतलेली बाटली घ्यायची, आणि जे पाणी भरायचं त्याच पाण्यानं ती तीनदा विसळायची. मला हे काही केल्या पटेना. मी बाटली काचेसारखी लख्ख करायची आणि त्यांनी ती घाण पाण्यानं विसळायची. मी एकदा म्हटलं, "मग मी धुते कशाला?" ते म्हणाले, "आक्का, बाटलीत दुसऱ्या पान्याचा एक थेंब ऱ्हाता कामा नये." मी मान हलवली. मान हलवणं आणि पटणं वेगळं.

आणि त्यांची ती रेघ. रजिस्टरात आकडा चुकला तर खोडायचा नाही. पट्टी ठेवून त्यावर एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. "खालचा आकडा दिसला पाह्यजे," म्हणायचे. ऑफिसातून कुणी आकडे पुसायच्या पांढऱ्या शाईची बाटली लॅबमध्ये आणून ठेवली की ती ते माझ्या हातात द्यायचे, "घरी न्या." त्या शाईनं मी माझ्या तुळशीवृंदावनाच्या कडा रंगवल्या. दोन वर्षं पुरली.

आता एक गोष्ट लिहिते. भालेराव आमच्याच तालुक्यातले, बौद्ध वस्तीतले. जुन्नरच्या कॉलेजात शिकलेले. लॅबमध्ये स्टोव्हवर ते स्वतः चहा करायचे आणि मलाही द्यायचे. पहिले दोन महिने मी तो घेतला नाही. पोटाचं कारण सांगायची. त्यांना खरं कारण कळत होतं आणि तरी ते रोज विचारायचे, "आज पोट कसंय, आक्का?" तिसऱ्या महिन्यात मी घेतला. हे लिहून झाल्यावर खोडून टाकावं वाटलं. पण भालेरावांबद्दल लिहायचं आणि खोडाखोड करायची, हे जमणार नाही. राहू दे.

ओढ्याच्या खालच्या अंगाला एक वाडी होती. तिथल्या कोंडाबाईची विहीर ओढ्यापासून वीस पावलांवर. दर सोमवारी भालेराव तिथं जायचे, विहिरीचा नमुना घ्यायचे आणि एक पेला पाणी प्यायचे. कोंडाबाई सुरुवातीला वरून ओतायची, ते ओंजळीनं प्यायचे. पुढं तीच पेला द्यायला लागली. मी विचारलं, "बाटली भरून आनता, मग पिता कशापाई?" म्हणाले, "तिला प्यावं लागतं ना. मग मला काय धाड भरलीय?"

वर्षातून एकदा कारखान्याला सरकारच्या प्रदूषण मंडळाकडं एक फॉर्म भरून द्यावा लागायचा. किती पाणी घेतलं, किती सोडलं, सोडलेलं कसं होतं. त्यासाठी शेवटच्या टाकीची एक बाटली पुण्याच्या बाहेरच्या लॅबला जायची, आणि त्यांचा आकडा फॉर्मात जायचा. त्या वर्षी त्या फॉर्मावर पुष्कळ अडलं होतं. कारखान्याला दुसरी लाइन टाकायची होती. पाणी चांगलं असेल तरच परवानगी. लाइन झाली की आणखी बायका कामावर घेणार होते, त्यांत माझ्या सुनेचं नाव होतं.

नेमकं बाटली धाडायच्या दिवशी भालेरावांची आई आजारी पडली. जाताना मला म्हणाले, "शेवटच्या टाकीवरनं भरा, तीनदा विसळा, बर्फाच्या डब्यात ठेवा, ड्रायव्हर येईल."

मी टाकीवर गेले. पाणी तांबूस होतं आणि आंबूस वास मारत होतं. मी हातातली बाटली बघितली. माझीच धुतलेली, लख्ख. ही आता पुण्याला जाणार, मोठ्या साहेबांच्या टेबलावर बसणार, आणि ते म्हणणार, हे बघा जुन्नरकडच्या लोकांचं पाणी. माझा हात पुढं होईना. मी गेटजवळच्या हापशावर गेले आणि बाटली तिथून भरली. आधी तीनदा विसळलीसुद्धा, हापशाच्याच पाण्यानं. मला वाटलं, मी चांगलं काम केलं.

महिन्याभरानं पुण्याचा कागद आला. मॅनेजर साहेबांनी पेढे वाटले. ऑफिसच्या क्लार्कनं तो आकडा आमच्या रजिस्टरात लिहून टाकला. पेढा मीही खाल्ला. भालेरावांनी खाल्ला नाही. कागद घेऊन ते ओट्यापाशी उभे राहिले, मग दार लोटून घेतलं.

"आक्का, ही बाटली कुठून भरली?"

"टाकीवरनं."

त्यांनी रजिस्टर उघडलं. "ह्याच टाकीचं पानी मी त्याच आठवड्यात तपासलंय. ते हे असं. पुण्याचं हे असं. आता एक तर माझं नाक गेलंय, न्हाईतर तुमी दुसरीकडं गेला व्हता."

खोटं बोलायला मी पक्की नाही. दोन प्रश्नांत फुटते. म्हटलं, "हापशावरनं भरली."

"का?"

"पुन्याला मोठ्या लोकांम्होरं जायाची. तसलं घान पानी धाडायचं व्हय? आपल्या कारखान्याची काय अब्रू ऱ्हायली असती?"

ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "म्हंजी पावन्यांना पानी दिलंत तुमी! वर गूळ न्हाई ठेवला?"

हसणं संपलं तेव्हा स्टुलावर बसले. म्हणाले, "आक्का, कोंडाबाईच्या विहिरीत हेच टाकीचं पानी झिरपतंय. यंदा वास लागलाय तिला. कागदावर हापशाचं पानी गेलं की तिच्या विहिरीचं काय झालं ते इचारायला कुनी येनारच न्हाई."

मग ते मॅनेजरकडं गेले. त्यांची केबिन लॅबला लागून, मधे प्लायवूड. मला सगळं ऐकू येत होतं.

"भालेराव, आपण खोटं काय लिहितोय? लॅबचा कागद आहे, शिक्का आहे."

"शिक्का खरा हाय साहेब. पानी दुसरं हाय."

"नमुना कोणी भरला?"

माझ्या हातात बाटली होती ती मी खाली ठेवली. फुटेल म्हणून.

"माझ्या खात्यात भरला. चूक माझी."

"मी नाव विचारतोय."

"तेच सांगतोय साहेब. माझं."

"दुसरी लाइन अडकेल, कळतंय का? एवढ्या बायकांचं काम जाईल."

"एक टाकी वाढवा. न्हाई अडकनार."

"आणि मी म्हटलं की हाच आकडा जाईल, तर?"

"तर सही तुमची घ्या. माझी न्हाई मिळनार."

परत आले तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पट्टी काढली, त्या सुंदर आकड्यावर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'नमुना चुकीच्या जागेचा. नवा घ्यावा.' खाली सही. तसंच पत्र त्यांनी पुण्याला आणि मंडळाला धाडलं.

नवा नमुना त्यांनी स्वतः भरला. आकडा वाईट आला. दुसरी लाइन अडकली. भालेरावांना मॅनेजरनं लॅबमधून काढून गेटवरच्या वजनकाट्यावर बसवलं, ट्रक मोजायला.

बायकांना एवढंच कळलं की बाटलीवाल्यानं काहीतरी पत्र लिहिलं आणि काम गेलं. जेवायच्या सुट्टीत रोज तोच विषय. एक म्हणायची, "आता ट्रकचा वास घे म्हनावं!" दुसरी म्हणायची, "टमाट्याला न्हाई, ड्रायव्हरला हुंगतोय!" सगळ्या हसायच्या. मी त्यांच्यात बसून भाकरी खात होते. मीही हसले. एकदा नाही, पुष्कळदा.

माझी सून तर गेटवर जाऊन त्यांना बोलली. "तुमच्या घरात पगार येतोय म्हनून दुसऱ्याच्या पोटावर पाय देता व्हय?" मी दहा पावलांवर उभी होते. भालेराव म्हणाले, "बरोबर हाय ताई. एक सीझन लांबलं तुमचं." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी गप्प राहिले. नवरा दम्यानं घरी होता, माझ्या कामावर घर होतं, हे खरं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. लोक मला चांगली म्हणत होते आणि मला ते आवडत होतं.

वजनकाट्यावरचं ते वर्ष भालेराव जेवायच्या सुट्टीत डबा न उघडता शेवटच्या टाकीवर यायचे, वाकायचे, वास घ्यायचे आणि परत जायचे. कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारी कोंडाबाईकडं पेलाभर पाणी प्यायचे. मंडळाची नोटीस आली तेव्हा मॅनेजरचा नाइलाज झाला. नवी टाकी बांधली. पुढच्या सीझनला ओढ्याचा वास गेला, परवानगी आली, लाइन सुरू झाली, माझी सून पट्ट्यावर उभी राहिली. भालेराव लॅबमध्ये परत आले. कुणी त्यांना 'चुकलं' म्हटलं नाही. मीही नाही. त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि विचारलं, "पोट कसंय, आक्का?"

दोन हजार सालानंतर मुंबईच्या ऑफिसनं रंगीत पुस्तक काढायला सुरुवात केली. कंपनी पाण्याची, झाडांची किती काळजी घेते त्याचं. त्यासाठी शेवटच्या टाकीपाशी काचेची एक पेटी आणली, तिच्यात आमचं साफ केलेलं पाणी आणि रंगीत मासे. फोटो निघाले. मासे दोन दिवसांत मेले. मॅनेजरनं ड्रायव्हरला सांगून नवे आणवले. तेही मेले. मेलेले काढून टाकायचं काम माझं. भालेराव रोज विचारायचे, "आज किती?" आणि रजिस्टरात लिहायचे. पुस्तकाचा मजकूर तपासायला आला, त्यात लिहिलं होतं, 'शुद्ध केलेल्या पाण्यात मासे आनंदाने विहरतात.' भालेरावांनी पेन्सिलीनं खाली लिहिलं, 'कोणते? पहिले, की बदललेले?'

पण चार दिवस बघून त्यांनीच शोधून काढलं की मासे पाण्यानं मरत नव्हते. पेटी उन्हात होती, काच तापत होती. त्यांनी पेटी आंब्याखाली हलवली आणि मासे जगले. तेही लिहिलं, 'पाण्याचा दोष नव्हता.' लोकांना वाटायचं हा माणूस कारखान्याच्या वाईटावर आहे. तसं नव्हतं. पुस्तक छापून आल्यावर मात्र त्यांनी ते स्टोव्हखाली ठेवलं. चांगलं जाड होतं, स्टोव्ह हलायचा थांबला.

मग परदेशातली एक कंपनी गर घेणार म्हणून त्यांची एक बाई तपासायला आली. उंच, उन्हानं लाल झालेली, सोबत बोलणं समजावून द्यायला पुण्याची एक मुलगी. मॅनेजरनं मासे दाखवले, झाडं दाखवली, रंगीत पुस्तक दिलं. बाईनं ते बाजूला ठेवलं आणि जुनी रजिस्टरं मागितली. लॅबच्या स्टुलावर बसून एकेक पान उलटलं आणि त्या रेघेपाशी थांबली. बोट ठेवून विचारलं. मुलीनं सांगितलं, "मॅडम विचारतायत, हा नमुना कोणी भरला होता?"

मॅनेजर म्हणाले, "फार जुनी गोष्ट आहे. तो माणूस आता नाही."

भालेराव म्हणाले, "माझ्या खात्यात भरला होता."

तेच वाक्य. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. इतक्या वर्षांनीही तेच वाक्य, तसंच. माझ्या तोंडून आपोआप आलं असं मी म्हणणार नाही. मी ट्रे ओट्यावर ठेवला, विचार केला, आणि मग बोलले.

"म्या भरली व्हती. हापशावरनं."

मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाईनं 'का' विचारलं. मी म्हटलं, "पावन्याला घान पानी कोन देतं?" मुलीनं ते तिला सांगितलं. बाई हसली नाही. उठली आणि म्हणाली, तो हापसा दाखवा. मी दाखवला. तिनं स्वतः हापसून पाणी बघितलं, मग टाकीचं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. जाताना त्या मुलीनं भालेरावांना सांगितलं, "मॅडम म्हणतायत, त्या पुष्कळ कारखाने बघतात. सगळीकडं आकडे स्वच्छ असतात. चुकलेला आकडा त्यांना इथंच दिसला."

ऑर्डर मिळाली. मॅनेजर बढती घेऊन मुंबईला गेले. भालेरावांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते मागं पडायचं. मला काढून टाकतील, दुपारच्या आत घरी धाडतील, म्हणून दोन दिवस मी डबा घरी ठेवून कामावर जात होते. कुणी काढलं नाही.

बाई आली त्याच दिवशी संध्याकाळी कारखाना सुटायच्या आधी भालेरावांनी ते जुनं रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं. रेघेशेजारी त्यांच्या सहीखाली बोटभर जागा होती. "आता सही करा, आक्का. तारीख आजची टाका."

मी केली. अक्षर वाकडं आलं.

"एवढी वर्सं तुमी नाव का न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

"मी जागा ठेवली व्हती की," ते म्हणाले आणि चहाचं पाणी ठेवलं.

घरी गेल्यावर सुनेला सांगितलं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी लॅबच्या दारात जाऊन भालेरावांच्या पाया पडायला लागली, तर ते दोन पावलं मागं सरकले आणि त्यांच्या हातून एक बाटली फुटली. लॅबमध्ये त्यांच्या हातून फुटलेली मी बघितलेली ती एकच.

ते रिटायर झाले, पुढं मीही झाले. सोमवारी लूनावरून कोंडाबाईकडं जायचे ते मात्र सुटलं नाही. मागं जाळीच्या कॅरेटमध्ये दोन बाटल्या खडखडायच्या. त्यांना आता कुणी आकडा मागत नव्हतं. एका सोमवारी लूना माझ्या दारात थांबली. उन्हं चढली होती. चेहरा उतरला होता, शर्ट अंगावर सैल झाला होता.

"बसा, भाऊ," मी म्हटलं. साहेब म्हणायचं मी त्या दिवशी सोडलं.

आत जाऊन तांब्या भरला. बाहेर आणून त्यांच्यापुढं ठेवला आणि शेजारी वाटीत गूळ.

त्यांनी वाटीकडं बघितलं. मग तांब्या उचलला आणि आधी नाकाशी नेला. मला राग आला नाही.

"हापशाचं?"

"न्हाई. माझ्या विहिरीचं. आन तांब्या तीनदा विसळलाय, त्याच पान्यानं."

ते सगळं पाणी प्यायले. गूळ तोंडात टाकला. "चांगलं हाय," म्हणाले. पाण्याला म्हणाले की गुळाला, विचारलं नाही.

त्यानंतर ते आले नाहीत. वर्ष सरायच्या आत गेले, छातीच्या दुखण्यानं. मी गेले होते, गर्दी फार नव्हती. पण मला ते दिसतात ते त्या सोमवारचे. माझ्या दारातून निघाले, उतारावर लूना गेली, आणि ओढ्यावरच्या मोरीच्या पुलापाशी थांबली. बाटल्यांचा खडखडाट थांबला. भालेराव उतरले, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसले आणि पाण्यावर वाकले. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. बराच वेळ वाकले होते. मग उठले, हात पुसले आणि मागं वळून मला हात केला, की ठीक आहे.